धंदे किती आणि त्यांचे उगम किती

दुपारचे बारा वाजत आले की गाणगापूरच्या गल्ल्यांत झोळ्या दिसू लागतात. खांद्याला झोळी अडकवलेला माणूस पुण्यातल्या बँकेचा अधिकारी असेल, लातूरकडचा शेतकरी असेल, नाहीतर संसार सोडून इथेच राहिलेला साधू असेल. निर्गुण मठाभोवतीच्या घरांपुढे सगळे सारखेच उभे राहतात आणि किमान पाच घरची मधुकरी मागतात. दत्तगुरू रोज माध्यान्ही इथे कोणत्या ना कोणत्या रूपाने भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे मागणाऱ्यांइतकीच वाढणाऱ्यांचीही घाई असते. समोर आलेला माणूस कोण, हे कुणाला सांगता येते? म्हणून इथे कुणालाही रिकाम्या हाताने पाठवायचे नसते.

झोळीत पडणारी पोळी दानाची असते, पण तिच्यामागे मोठा व्यवहार उभा असतो. बाहेरगावचा भाविक मधुकरी वाढायची म्हणून स्थानिक घरी स्वयंपाक सांगतो. मग पोळ्या लाटायला बाई लागते, पिठाला गिरणी, डाळीला किराणा दुकान, द्रोण-पत्रावळींना पुरवठादार. भाविक उतरतो त्या खोलीचे भाडे असते आणि मठापासून सुमारे तीन किलोमीटरवरच्या भीमा-अमरजा संगमावर न्यायला टमटम असते. संगमावर न्हावी असतो, फुलवाली असते, भस्म, जपमाळा, तसबिरी आणि गुरुचरित्राच्या पोथ्या विकणारे असतात. मठात पुजारी असतात. बाजारपेठेत चहाची टपरी, खानावळ, मोबाइल रिचार्ज, औषधांचे दुकान, कपड्यांचे दुकान. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातल्या या गावात पाट्या वाचत गेलो तर धंद्यांची यादी सहज पन्नासाच्या घरात जाईल.

एवढे धंदे म्हणजे गावाची अर्थव्यवस्था भक्कम, असे पटकन वाटते. विविधता असली की संकट पेलता येते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे, पण एका अटीवर, आणि ती अट गाणगापुरात जशी स्पष्ट दिसते तशी फार थोड्या ठिकाणी दिसते.

पोथीतले गाव

दत्ताचा अवतार मानले जाणारे श्रीनृसिंहसरस्वती चौदाव्या-पंधराव्या शतकातले. वऱ्हाडातल्या कारंज्याला जन्म, नरसोबाच्या वाडीला वास्तव्य आणि त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे गाणगापुरात. त्यांचे चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधरांचा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ भक्तीचा आहे, अर्थशास्त्राचा नाही. तरी कथा सांगता सांगता त्यात गावाचा संसार येऊन जातो. दारिद्र्याने गांजलेला एक ब्राह्मण आपली म्हातारी, वांझ म्हैस माती वाहण्यासाठी भाड्याने देतो आणि त्यावर त्याची गुजराण चालते. मठाचे अंगण झाडणारा एक विणकर आहे. जोंधळा पिकवणारा एक शेतकरी आहे. कणसे भरण्याआधीच पीक कापून टाक, असे गुरू त्याला सांगतात. तेव्हा तो आधी गावच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि गेल्या वर्षीच्या दुप्पट धान्य देईन असे कबूल करून परवानगी आणतो. पुढे भलत्या वेळच्या पावसाने गावाचे पीक जाते आणि याच्या शेताला नवे फुटवे येऊन भरघोस धान्य होते.

कथेचा अर्थ गुरुवचनावरच्या विश्वासाचा आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातले दोन तपशील मोलाचे आहेत. पीक हातात येण्याआधीच त्यातला वाटा ठरलेला असे, आणि पाऊस चुकला की तो एकदम सगळ्या गावाला चुकत असे.

यालाच जोडून बलुतेदारीकडे पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा'त तिचे बारकाईने वर्णन केले आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव, जोशी असे बारा बलुतेदार आणि त्यांखेरीज अलुतेदार. कर्नाटकात याच पद्धतीला आयगार म्हणत. एका खेड्यात डझनभर कसबांची माणसे नांदत होती, म्हणजे धंद्यांच्या विविधतेत हे गाव कुठे कमी नव्हते. पण या सगळ्यांची मजुरी सुगीच्या वेळी एकाच खळ्यावर मोजली जाई. खळे भरले तर बाराही घरी धान्य, खळे रिते राहिले तर बाराही घरी उपास. दुष्काळात नांगराचा फाळ कोण शेवटून घेणार, आणि नवे मडके कोण मागणार?

अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास मांडला. भुकेने सर्वांत आधी कोण कोसळले, तर भूमिहीन शेतमजूर, कोळी, वाहतुकीवर जगणारे अशी माणसे. धान्य महागले की लोक इतर खर्च थांबवतात आणि तो खर्च ज्यांची कमाई असतो त्यांच्या हाती काहीच राहत नाही. धंदे वेगवेगळे असूनही कमाईचा उगम एकच असला की असे होते. एका खुंटीवर बारा कपडे टांगले आणि खुंटी निसटली, तर कोणता कपडा कोणत्या रंगाचा होता याला अर्थ उरत नाही.

गाणगापुरात खळ्याची जागा आज यात्रेकरूने घेतली आहे.

शंभर रुपये गावात किती दिवस राहतात

सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० साली आली आणि १८७१ साली रायचूरला जाऊन मद्रासकडून येणाऱ्या मार्गाला मिळाली. या मार्गावरच्या गाणगापूर रोड स्थानकातून गाव साधारण वीस किलोमीटर आत. पूर्वी पायी आणि बैलगाडीने होणारी यात्रा त्यामुळे मुंबई-पुण्याच्या माणसाच्या आवाक्यात आली. आता अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि गाणगापूर अशी फेरी लोक गाडी करून दोन दिवसांत आटोपतात. भाविक पैसे घेऊन येतो, हे उघड आहे. त्यातले गावात किती राहतात, हा खरा प्रश्न.

पूजेचे एक तबक जवळून पाहू. नारळ या कोरड्या पठारावरचा नव्हे. तो येतो तुमकूर-हासनकडून किंवा किनारपट्टीवरून. उदबत्ती बहुधा म्हैसूर-बंगळूरची. कापूर कारखान्यातला. पोथी मुंबई-पुण्याची छापलेली. हार-फुले जवळच्या शिवारातली असतील तर त्यांचे पैसे तालुक्यात राहतात, सोलापूरच्या बाजारातून आली असतील तर तेही गेले. भाविकाने तबकासाठी मोजलेल्या पैशांतला मोठा भाग अशा रीतीने दुकानदाराच्या हातून दोन-चार दिवसांत गावाबाहेर जातो. मागे राहतो तो त्याचा नफा.

अर्थशास्त्रात या हिशेबाला गुणक म्हणतात. रिचर्ड कान यांनी १९३१ साली तो मांडला आणि केन्स यांनी तो जगभर पोचवला. समजा, बाहेरून आलेल्या शंभर रुपयांपैकी साठ रुपये गावातच पुन्हा खर्च झाले. खोलीमालकाने ते सुताराला दिले. सुताराने त्यातले छत्तीस गावातल्याच दूधवाल्याला आणि शिंप्याला दिले. त्यांनी त्यातले एकवीस-बावीस आणखी कुणाला. फेरी संपेपर्यंत मूळच्या शंभरातून गावात अडीचशे रुपयांचा व्यवहार होतो. पण दर फेरीला वीसच रुपये गावात राहत असतील, तर सगळी बेरीज एकशे पंचवीसवर थांबते. भाविक तोच, त्याचा खर्च तोच, तरी एका गावाला दुसऱ्याच्या दुप्पट फळ मिळते.

हा फरक कशाने पडतो? सुतार, शिंपी, दूधवाला गावात असण्याने. विविधतेचा पहिला फायदा इथे आहे. एकाचा खर्च दुसऱ्याची कमाई व्हायची तर तो दुसरा गावात असावा लागतो.

गाणगापूरची थोरली बहीण शोभावी अशा नरसोबाच्या वाडीशी तुलना केली की हे लगेच उमगते. तिथून परतणाऱ्या मराठी माणसाच्या पिशवीत पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी असतेच. शिरोळ तालुका उसाचा आणि दुधाचा. तिथे प्रसादाचा पैसा हलवायाकडून गवळ्याकडे, गवळ्याकडून वैरण विकणाऱ्याकडे जातो. देवस्थान आणि शिवार यांची तिथे गाठ पडलेली आहे. गाणगापूरच्या भोवतालचे शिवारही काही थोडके नाही. त्याकडे आपण शेवटी येऊ.

गर्दीने गाव मोठे होते

औषधांचे दुकान चालायला किमान किती गिऱ्हाईक लागते? चष्म्याचे दुकान, बँकेची शाखा, मोटार दुरुस्तीचे गॅरेज यांना किती? प्रत्येक धंद्याला जगण्यासाठी ठरावीक संख्येची गरज असते. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली याच कल्पनेवर गावे, बाजारगावे आणि शहरे यांच्या रचनेचा सिद्धान्त उभारला. पाचशे घरांच्या वस्तीत किराणा दुकान आणि गिरणी चालते, पण कापडाचे मोठे दुकान चालत नाही. त्यासाठी तालुक्याला जावे लागते.

यात्रेकरू ही मर्यादा ओलांडून देतो. तो मतदारयादीत नसतो, पण दुकानदाराच्या हिशेबात असतो. त्यामुळे गाणगापूर आपल्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक दुकाने पोसू शकते आणि त्यांचा उपयोग आसपासच्या वाड्या-तांड्यांनाही होतो. रात्री उशिरा ताप चढलेल्या मुलासाठी औषध मिळते, ते भाविकांच्या वर्दळीमुळे दुकान उघडे असते म्हणून. पण या फायद्याची कुणी जमाखर्चात नोंद करत नाही.

भाविक किती आले याइतकेच ते किती दिवस राहिले यालाही महत्त्व आहे. सकाळी येऊन पादुकांचे दर्शन घेणारा आणि दुपारी अक्कलकोटच्या वाटेला लागणारा माणूस तबक, चहा, जेवण आणि टमटम यांवर खर्च करतो. गुरुचरित्राचा सात दिवसांचा सप्ताह करणारा मात्र खोली घेतो, रोज दूध घेतो, भाजी घेतो, धुण्याचा साबण घेतो, तुटलेली चप्पल शिवून घेतो. अनुष्ठानाला महिना-दोन महिने राहणारे तर गावचे भाडेकरूच होतात. पहिल्याची मागणी चार धंद्यांना पुरते, दुसऱ्याची वीस धंद्यांना. यात्रेच्या गावाची योजना आखणारे बहुतेक वेळा वाहनतळाची लांबी-रुंदी मोजतात. त्यांनी पारायणाला बसणाऱ्यांसाठी स्वच्छ खोल्या, पाणी आणि शौचालये आधी मोजली, तर गावातल्या अधिक घरांत पैसा पोचेल.

विविधता मोजायची कशी

समजा, दोन गावे आहेत, दोन्हींत शंभर-शंभर कुटुंबे आणि चार-चार धंदे. पहिल्या गावात प्रत्येक धंद्यात पंचवीस कुटुंबे. दुसऱ्यात सत्तर कुटुंबे एका धंद्यात आणि उरलेल्या तिन्हींत दहा-दहा. यादी केली तर दोन्हीकडे चारच धंदे दिसतील. पण दोन्ही गावे सारखी नाहीत, हे मन सांगते. ते आकड्यात मांडण्याची सोपी रीत आहे. प्रत्येक धंद्याचा वाटा घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा आणि एकाला त्या बेरजेने भागा. पहिल्या गावाचे उत्तर येते चार. दुसऱ्याचे येते सुमारे १.९. म्हणजे कागदावर चार धंदे असले तरी ते गाव जेमतेम दोन धंद्यांचे आहे. आल्बर्ट हर्शमन यांनी १९४५ साली परकीय व्यापाराच्या अभ्यासात आणि एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ साली जीवसृष्टीच्या अभ्यासात याच जातीचे माप वापरले. बाजारपेठ असो की जंगल, हिशेब तोच.

पण या मापातही एक मोठी उणीव आहे. लॉज, टमटम, फुले, खानावळ, तसबिरी हे त्याच्या लेखी पाच स्वतंत्र धंदे. २०२० च्या मार्च अखेरीस देशभर टाळेबंदी लागली आणि देवळे बंद झाली, तेव्हा यात्रेच्या गावांतले हे पाचही धंदे एकाच दिवशी थांबले. कर्नाटकातली देवळे ८ जूनला उघडली. पण महाराष्ट्रातून येण्यावर निर्बंध होते, गाड्या नव्हत्या, लोकांच्या मनात धास्ती होती. जून उजाडला म्हणून गिऱ्हाईक परतले असे झाले नाही.

हॅरी मार्कोवित्झ यांनी १९५२ साली गुंतवणुकीबद्दल जे दाखवून दिले ते गावालाही तंतोतंत लागू पडते. दहा ठिकाणी पैसे गुंतवले म्हणून जोखीम कमी होत नाही. ती दहा ठिकाणे एकाच वेळी वर-खाली होणारी नसली, तरच ती कमी होते. म्हणून गावातल्या धंद्यांची शिरगणती झाली की पुढचा प्रश्न विचारायला हवा: यांतला प्रत्येकजण शेवटी कुणाच्या पैशावर जगतो?

२०२० साली शेतीच्या कामांना टाळेबंदीतून सूट होती. ज्या घरात एक भाऊ दुकानात आणि दुसरा शेतात होता, त्या घरी निदान धान्य आले. मात्र ऑक्टोबरमध्ये भीमेला मोठा पूर आला आणि अफजलपूर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत, उभ्या पिकांत पाणी शिरले. दोन उगम असले तरी दोन्हींवर एकाच वर्षी घाला पडू शकतो, हेही त्या वर्षाने दाखवले. तरीसुद्धा पूर नदीकाठी आला, माळावर नाही, आणि टाळेबंदी मार्चमध्ये लागली, पूर ऑक्टोबरमध्ये आला. संकटांची वेळ आणि जागा वेगवेगळी असणे, हेच विविधतेचे बळ असते. ते संकट टाळत नाही, सावरायला उसंत देते.

गिऱ्हाइकांतही विविधता असू शकते. गाणगापूरचा भाविक पूर्वापार मोठ्या प्रमाणावर मराठी आहे, म्हणून दुकानदार कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत भाव सांगतो. कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून राज्यातल्या स्त्रियांना सरकारी बसमधून मोफत प्रवास दिला, तेव्हा राज्यभरातल्या देवस्थानांकडे बायकांची रीघ लागली. राज्याची सीमा एखाद्या वर्षी बंद झाली तरी सीमेच्या अलीकडचे गिऱ्हाईक येत राहते. उगम तोच, यात्रेचा, पण त्याला दोन वाटा झाल्या.

राजधानी हलली तरी उरलेले शहर

मोठ्या शहरांत हाच नियम ठळक दिसतो. कलबुर्गी ही १३४७ पासून बहमनी राज्याची राजधानी होती. पंधराव्या शतकात, नृसिंहसरस्वतींच्या हयातीतच, अहमदशहाने ती बिदरला नेली. दरबार गेला की कारागीर, सावकार, लष्कराला पुरवठा करणारे सगळे त्याच्यामागे जातात. बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून, जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचे जडावकाम करणारी बिदरी कला अशाच राजाश्रयाने वाढली. पण कलबुर्गी ओस पडली नाही. ख्वाजा बंदे नवाज यांच्या दर्ग्याकडे येणारी माणसे येतच राहिली, आणि भोवतालच्या काळ्या जमिनीतले धान्य विकायला बाजार लागतच होता. पुढे शरणबसवेश्वरांचे देवस्थान आले. निजामाच्या काळात कापडगिरणी आली आणि विसाव्या शतकात ती बंदही पडली. तोवर शहरात डाळ मिल उभ्या राहिल्या होत्या, शहाबाद-वाडीकडे सिमेंट आणि फरशी निघत होती, १९८० साली विद्यापीठ झाले होते. एक उगम आटला तेव्हा दुसरा वाहता होता.

सोलापूरची कथा अधिक कष्टाची आहे. १८७७ साली पहिली गिरणी सुरू झाली आणि शहर भोंग्यावर चालू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकेक करून बंद झाल्या, तेव्हा हजारो घरांतली कमाई थांबली. त्या घरांना हात दिला तो यंत्रमागाने, चादरी-टॉवेलांनी आणि बायकांनी घरी वळलेल्या विड्यांनी. घरच्या उखळातली शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी आज पाकिटात भरून राज्यभर जाते. जुन्या कामातून नवे काम फुटते ते असे.

जेन जेकब्ज या लेखिकेने १९६९ साली शहरांच्या अर्थव्यवस्थेवरच्या आपल्या पुस्तकात हेच सूत्र मांडले. तिने मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांची तुलना केली. मँचेस्टर कापडात अव्वल, शिस्तीचे, कार्यक्षम. बर्मिंगहॅम म्हणजे लहानसहान, विस्कळीत कारखान्यांचे कडबोळे. काळ बदलल्यावर मँचेस्टर अडकले आणि बर्मिंगहॅमने नवनवी कामे शोधली. पुढे १९९२ साली एडवर्ड ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १७० शहरांची १९५६ ते १९८७ या काळातली वाढ तपासली. ज्या शहरांत उद्योगांची विविधता होती तिथे रोजगार अधिक वाढल्याचे त्यांना आढळले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली सांगून ठेवले की, एकाच कामाची माणसे एका ठिकाणी जमली की कसब वाढते, कच्चा माल स्वस्त पडतो आणि गिऱ्हाइकाला पत्ता शोधावा लागत नाही. बिदरचे बिदरी, सोलापूरची चादर, गाणगापूरची दत्तभक्ती ही त्या-त्या गावाची ओळख आहे, आणि गाव तिच्यावर उभे राहिले. लहान गावाने सगळेच धंदे करायला जाऊ नये. आपली ओळख सांभाळावी आणि तिच्या जोडीला तिच्यावर अवलंबून नसलेला एक तरी आधार उभा करावा.

कोणता धंदा कुणाला खुला

गावात पन्नास धंदे असले आणि माणसाला त्यातला एकच करता येत असला, तर विविधता गावाची होते, त्याची होत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेवर घेतलेला आक्षेप अर्थशास्त्राचाही होता. जात कामांची वाटणी करून थांबत नाही. ती काम करणाऱ्यांचीच वाटणी करते, त्यांना पायऱ्यांवर बसवते आणि कामाची मागणी सरली तरी पायरी बदलू देत नाही. बलुतेदारीतली विविधता म्हणून दुबळी होती. चामड्याचे काम संपले तरी चांभाराच्या मुलाला सोनाराच्या दुकानात जागा नव्हती.

आजही पूजेचे हक्क पिढीजात आहेत, मोक्याची दुकाने ज्यांच्या हाती ती त्यांच्याच घरात राहतात, आणि भांडवल नसलेल्याला रस्त्याकडेची पाटीच मिळते. जिल्ह्यातल्या लमाण तांड्यांवरचे लोक हंगाम संपला की पुणे-मुंबई-हैदराबादच्या बांधकामांवर जातात. गावात काम आहे, पण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून विविधतेचा विचार करताना शिक्षण, बँकेचे कर्ज आणि दुकानगाळ्यांचे न्याय्य वाटप हे मुद्दे ओघानेच येतात. धंदा बदलण्याची मोकळीक असेल तरच धंद्यांची संख्या माणसाच्या उपयोगी पडते.

शिवार आणि मठ

आता शिवाराकडे. कलबुर्गी जिल्हा तुरीचे कोठार म्हणून ओळखला जातो. इथल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पिकणाऱ्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जोडीला ज्वारी आहे, कापूस आहे आणि भीमेच्या पाण्यावर ऊस आहे. अफजलपूर तालुक्यात हावळगा येथे साखर कारखाना आहे. पण शिवारही एका पिकावर विसंबले तर तीच गत होते. २०२२ च्या हंगामात मर रोगाने जिल्ह्यातली तूर वाळली, तेव्हा मानांकन कामी आले नाही.

यात्रा आणि शिवार हे दोन वेगळे उगम आहेत. एकाला पाऊस लागतो, दुसऱ्याला तिथी. दत्तजयंती मार्गशीर्षात, गुरुप्रतिपदा माघात, आणि पौर्णिमा दर महिन्याला. तूर आषाढात पेरली की पौषाच्या सुमारास हाती येते. दोन्हींची लय वेगळी असल्याने एकाच कुटुंबाला दोन्हीकडे काम करता येते. आता त्यांची गाठ घालणे बाकी राहते. रोज इतक्या पानांना वरण लागते, तर ते तालुक्यातल्या मिलमध्ये भरडलेल्या डाळीचे का नसावे? प्रसाद म्हणून घरी न्यायला बाहेरगावच्या पेढ्यांबरोबर मानांकनाचा शिक्का असलेली तूरडाळ का नसावी? जिल्ह्यातल्या महिला गटांनी 'कलबुर्गी रोट्टी' या नावाने ज्वारीची भाकरी विकायला सुरुवात केली आणि ती दूरवर पोचली. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तिचे कौतुक केले. ही भाकरी लाटणाऱ्या बाईला देवळाचे दार उघडे आहे की बंद, याची काळजी कमी असते. तिचा माल यात्रेकरूही घेतो आणि शहरातला मधुमेहीही घेतो.

आपल्या गावाची परीक्षा आपल्यालाच घेता येते. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, तीन प्रश्न लागतात. गावात येणारा पैसा किती वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो? आलेला पैसा गावातल्या किती हातांतून फिरून मग बाहेर जातो? आणि एका धंद्यातून उठलेल्या माणसाला दुसऱ्या धंद्यात बसायला जागा मिळते का? ग्रामसभेत हे तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि घराघरांतून उत्तरे घ्यावीत. पाट्या मोजून जे कळत नाही ते या उत्तरांतून कळेल.

गाणगापुरात सहा शतकांची श्रद्धा आहे आणि भोवती देशातली नावाजलेली तूर पिकवणारी जमीन आहे. बाहेरून काहीच आणायचे नाही. देवस्थानाने आणि अन्नदान करणाऱ्या मंडळांनी डाळ, ज्वारी, फुले यांची वर्षभराची खरेदी तालुक्यातल्या शेतकऱ्यांशी आणि महिला गटांशी आधीच ठरवून टाकली, तर भाविकाचा तोच रुपया जास्त घरांत जाईल, आणि ज्या वर्षी भाविक येणार नाही त्या वर्षी विकायला माल आणि ओळखीचे गिऱ्हाईक तरी शिल्लक असेल. हे काम गर्दीच्या हंगामात, हातात पैसा असतानाच करायचे असते.